व्होल्ट, अँपिअर आणि नदीकाठचा पंप

सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे उतरणाऱ्या कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतील बागायती शेती पाण्याइतकीच विजेवर उभी आहे. तरीही या शेतीविषयीच्या लेखनात धरणे, कालवे आणि बाजारपेठा यांना जेवढी जागा मिळते तेवढी जागा पाणी उचलणाऱ्या मोटरीला आणि तिच्या दुरुस्तीवर ज्याचे पोट चालते त्या कारागिराला क्वचितच मिळते. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे याच दोन तालुक्यांत आहेत, त्यांतून सोडलेले पाणी नदीपात्रांतील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत अडते, आणि तेथून उसाच्या, टोमॅटोच्या, कांद्याच्या किंवा द्राक्षाच्या शेतापर्यंत ते नेण्याचे काम काठावरचे पंप आणि जमिनीखालून गेलेल्या पाइपलाइनी करतात. पश्चिमेकडे भीमाशंकर आणि माळशेजच्या बाजूला पावसाच्या भातशेतीत मोटरी विरळ आहेत. पूर्वेकडे बेल्हे आणि आणे पठाराच्या दिशेने गेल्यावर नदीऐवजी विहीर आणि बोअरवेल येते, आणि पंपाच्या जागी पाण्यात बुडवलेली सबमर्सिबल मोटर येते.

या भागातील विजेच्या कामाचे स्वरूप एका साध्या भौगोलिक गोष्टीने ठरले आहे. गावकरी ज्याला डीपी म्हणतात तो वितरण ट्रान्सफॉर्मर, म्हणजे ११ हजार व्होल्टचा दाब मोटरीला चालेल इतका खाली उतरवणारे यंत्र, हा रस्त्याच्या किंवा वस्तीच्या जवळ उंच जागी असतो, तर पंप असतो पुराच्या पाण्याच्या कडेला. या दोहोंमधील अंतर काही ठिकाणी शे-दोनशे मीटर तर काही ठिकाणी अर्धा किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक भरते, आणि ते अंतर शेतकरी स्वतःच्या खर्चाने टाकलेल्या केबलने जोडतो. मोटर जळाली म्हणून वायरमनला जे बोलावणे येते, त्याचे कारण पुष्कळदा मोटरीत नसून या मधल्या अंतरात असते. ते ओळखण्यासाठी लागणारे गणित शालेय पुस्तकातील आहे, पण ते नेमके कोठे लावायचे आणि कोठे लावायचे नाही हे मात्र पुस्तक सांगत नाही. ते काम करतानाच समजत जाते, आणि या कामातील खरी विद्या तीच आहे.

गणिताचे मूळ १८२७ सालच्या एका ग्रंथात आहे. जर्मनीतील कलोन येथील एका शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या गेऑर्ग सायमन ओहम यांनी असे दाखवून दिले की धातूच्या तारेच्या दोन टोकांमधील विद्युतदाब, म्हणजेच व्होल्टेज, आणि तिच्यातून वाहणारी विद्युतधारा, म्हणजेच करंट, यांचे गुणोत्तर तापमान तेच राहिले तर कायम राहते. व्होल्टला अँपिअरने भागले की जो आकडा येतो तो त्या तारेचा रोध, आणि त्याचे एकक ओहम. त्याच व्होल्टला अँपिअरने गुणले की मिळते ती शक्ती, म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारी ऊर्जा, आणि तिचे एकक वॉट. पुढे १८४१ मध्ये जेम्स जूल यांनी प्रयोगाने सिद्ध केले की तारेत निर्माण होणारी उष्णता ही धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धारा दुप्पट झाली तर उष्णता चौपट होते. जुन्नर-आंबेगावच्या कोणत्याही मोटरीच्या आयुष्याची लांबी बव्हंशी जूल यांच्या या वर्गावर अवलंबून असते, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरणार नाही.

पाणी तापवण्याच्या रॉडवर हे गणित सरळ लागू पडते. २३० व्होल्टवर १,००० वॉटचा रॉड ४.३५ अँपिअर घेतो, म्हणून त्याचा रोध सुमारे ५३ ओहम. गावात व्होल्टेज १८० पर्यंत उतरले तर तोच रॉड ३.४ अँपिअर घेऊन जेमतेम ६१२ वॉट देतो, म्हणजे दाब एक-पंचमांशाहून थोडा अधिक घटला तरी उष्णता दोन-पंचमांशाने घटते. जुन्या तारेच्या बल्बवर मात्र पहिली ठेच लागते. २३० व्होल्टचा १०० वॉटचा बल्ब पेटलेला असताना हिशेबाने त्याचा रोध ५२९ ओहम येतो, परंतु तोच बल्ब विझवून, थंड करून मल्टिमीटरने तपासला तर ४० ओहमच्या आसपास आकडा दिसतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत. टंगस्टनची तार तापल्यावर तिचा रोध अनेक पटींनी वाढतो एवढेच. वस्तू काम करत असताना तिचा जो रोध असतो तो तिच्या विश्रांतीच्या अवस्थेत मोजता येत नाही, हा धडा बल्बवर निरुपद्रवी असला तरी नदीकाठच्या केबलवर तो फार महागात पडू शकतो.

शेतकऱ्याला हा विषय समजावून सांगताना वायरमन बहुधा पाइपलाइनचा दाखला देतो, आणि ज्या भागात प्रत्येकाला पाइपातील पाण्याचा अनुभव आहे तेथे तो लगेच पोहोचतो: व्होल्टेज म्हणजे पाण्याचा दाब, अँपिअर म्हणजे वाहणारे पाणी, आणि बारीक वायर म्हणजे अरुंद पाइप. हा दाखला एका जागी अपुरा पडतो, आणि ती जागा लक्षात ठेवण्याजोगी आहे. पाइपमध्ये घर्षणामुळे जाणारा दाब साधारणपणे प्रवाहाच्या वर्गाने वाढतो. वायरमध्ये जाणारा दाब धारेच्या सरळ प्रमाणात वाढतो. पण दोन्हीकडे समान असलेली गोष्ट अधिक महत्त्वाची आहे: पुढची तोटी बंद करून पाणी थांबवले तर लांब पाइपच्या शेवटच्या टोकालाही पूर्ण दाब दिसतो, आणि मोटर बंद करून धारा थांबवली तर लांब केबलच्या शेवटच्या टोकालाही पूर्ण व्होल्टेज दिसते.

येथे एका नेहमीच्या प्रसंगाचे गणित मांडून पाहणे उपयुक्त ठरेल. पाच एचपीची थ्री फेज मोटर शाफ्टवर सुमारे ३.७ किलोवॉट यांत्रिक शक्ती देते. तिची कार्यक्षमता ८२ टक्के धरली तर ती विजेकडून सुमारे साडेचार किलोवॉट घेते, आणि पाटीवर लिहिलेल्या ४१५ व्होल्टला तिची धारा पावणेआठ अँपिअरच्या आसपास येते. डीपीपासून काठापर्यंत ५०० मीटर अंतरावर २.५ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची केबल टाकली आहे असे मानले, तर तांब्याच्या विशिष्ट रोधावरून, म्हणजे एक मीटर लांब आणि एक चौरस मीटर छेदाच्या तुकड्याचा जो रोध असतो त्यावरून, प्रत्येक तारेचा रोध ३.४४ ओहम निघतो. हा आकडा इतका लहान दिसतो की मल्टिमीटरवर तो पाहणारा माणूस केबल उत्तम आहे असे म्हणून मोकळा होतो. परंतु याच ३.४४ ओहममधून पावणेआठ अँपिअर वाहू लागले की तिन्ही तारा मिळून ६०० वॉटहून अधिक उष्णता मातीत जाते, आणि दोन फेजांमधील व्होल्टेज वाटेतच सुमारे ३८ व्होल्टने उतरते. सहा चौरस मिलिमीटरची केबल टाकली असती तर तोच तोटा अडीचशे वॉटच्या घरात आणि तीच घट १६ व्होल्टच्या आत राहिली असती. ॲल्युमिनिअमचा विशिष्ट रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असल्याने ॲल्युमिनिअमची चार चौरस मिलिमीटरची केबल आणि तांब्याची अडीचची केबल या बाबतीत जवळजवळ सारख्याच ठरतात, ही गोष्ट दुकानातून केबल घेताना क्वचितच कोणी विचारात घेते.

शेतकरी आणि वायरमन यांच्यातील जुन्या मतभेदाचे मूळ या हिशेबात सापडते. मोटर बंद असताना स्टार्टरवर टेस्टर लावून पाहिले की ३८५ व्होल्ट दिसतात, म्हणून शेतकऱ्याचे म्हणणे असते की सप्लाय चांगला आहे आणि दोष मोटर भरणाऱ्याच्या कामात आहे. मोटर चालू करून तिच्याच टोकांवर पुन्हा मोजले की ३४० च्या आसपास आकडा येतो. दोघांचेही निरीक्षण खरे असते. धारा नसताना केबलमध्ये घट होत नाही, म्हणून बंद मोटरीपाशी घेतलेले व्होल्टेज हे डीपीचे व्होल्टेज असते, मोटरीला प्रत्यक्ष मिळणारे नव्हे. व्होल्टेज आणि धारा हे दोन आकडे एकाच जागी आणि एकाच वेळी घेतलेले असतील तरच त्यांच्या भागाकाराला आणि गुणाकाराला अर्थ असतो. एक डीपीवरचा आणि दुसरा काठावरचा, किंवा एक सकाळचा आणि दुसरा रात्रीचा घेऊन केलेला हिशेब कागदावर बिनचूक असूनही निरर्थक असतो.

व्होल्टेज उतरल्यावर रॉडची धारा घटते, मग मोटरीची का वाढते, हा प्रश्न या कामात नव्याने आलेल्या प्रत्येक मुलाला पडतो, आणि ओहमचा नियम केवळ पाठ करून त्याचे उत्तर मिळत नाही. पंपाला ठरावीक उंचीवर ठरावीक पाणी चढवायचे असते आणि त्यासाठी त्याला जवळपास तेवढीच यांत्रिक शक्ती लागते, व्होल्टेज कमी असो वा जास्त. म्हणून दाब कमी मिळाला की मोटर धारा वाढवून भरपाई करते. वरच्या उदाहरणातील मोटर ३४० व्होल्टवर सुमारे ९.२ अँपिअर घेऊ लागते. पावणेआठवरून ९.२ ही वाढ डोळ्यांना किरकोळ वाटते, पण जूल यांचा वर्ग लावला की वाइंडिंगमधील, म्हणजे मोटरीच्या वेटोळ्यांमधील, उष्णता ४० टक्क्यांहून अधिक वाढलेली असते. शिवाय वाढलेली धारा केबलमध्ये आणखी घट निर्माण करते, त्या घटीमुळे मोटर आणखी धारा मागते, आणि कमी व्होल्टेज व जास्त धारा एकमेकांना ओढत मोटरीला अशा बिंदूपर्यंत नेतात जेथे ओव्हरलोड रिले, म्हणजे ठरावीक धारेपलीकडे पुरवठा तोडणारे साधन, सुटते. आणि ते सतत सुटते म्हणून कोणी त्याचा स्क्रू फिरवून ठेवलेला असेल, तर वाइंडिंगचे वार्निश जळते.

मोटरीच्या बाबतीत आणखी खोल असा मुद्दा तिच्या स्वतःच्या रोधाचा आहे. पाच एचपी मोटरीच्या दोन टोकांमध्ये मोजलेला रोध अवघा तीन ओहम भरावा हे अगदी स्वाभाविक आहे. ४१५ ला ३ ने भागले तर धारा १३८ अँपिअर यायला हवी, पण प्रत्यक्षात चालू मोटर आठ अँपिअरही घेत नाही. याचे कारण असे की मोटर ही केवळ तार नाही. तिच्या वेटोळ्यांभोवतीचे चुंबकीय क्षेत्र सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करते, त्या बदलामुळे वेटोळ्यांत उलट दिशेने दाब प्रवर्तित होतो, आणि बाहेरून आलेल्या दाबाचा बहुतांश भाग त्याला तोंड देण्यात जातो. म्हणून चालत्या मोटरीच्या व्होल्टला अँपिअरने भागून जो आकडा मिळतो त्याला रोध न म्हणता संरोध म्हणतात, आणि तो भारानुसार बदलतो. सुरू होण्याच्या क्षणी रोटर स्थिर असल्याने हा उलट दाब पुरेसा उभा राहत नाही आणि मोटर नेहमीच्या सहा पट धारा ओढते. पाच एचपीला ती ४५ अँपिअरच्या घरात जाते. काही सेकंदांची ही गोष्ट एकट्या मोटरीपुरती असती तर तिची चिंता करण्याचे कारण नव्हते. परंतु वीज आली की आपोआप मोटर सुरू करणारा ऑटो स्विच आता बहुतेक स्टार्टरांवर बसला आहे, आणि थ्री फेज पुरवठा येताच एका डीपीवरच्या साऱ्या मोटरी एकाच क्षणी उठतात. १०० केव्हीए क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर पूर्ण भाराला प्रत्येक फेजमधून सुमारे १३३ अँपिअर देतो. त्यावर पाच एचपीच्या १५ मोटरी असतील तर चालू स्थितीत त्या ११५ अँपिअर घेतात आणि डीपी निभावून नेते, पण सुरुवातीला त्या मिळून जवळजवळ ७०० अँपिअर मागतात, व्होल्टेज कोसळते, कमी व्होल्टेजमुळे मोटरी उशिरा वेग धरतात, आणि फ्यूज उडतो. ऑटो स्विचमध्ये काही मिनिटांचा विलंब लावण्याची सोय असते. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी आपापसांत ठरवून तो वेगवेगळा लावला तर हा प्रश्न पैसा खर्च न करता सुटतो, आणि जेथे अशी समजूत आहे तेथे डीपी जळण्याचे प्रमाण कमी असल्याचा अनुभव कारागीर सांगतात. तंत्रज्ञानातील फार थोडे उपाय इतके स्वस्त आणि इतके शेजारधर्मावर अवलंबून असतात.

शक्ती मोजतानाही मोटर साध्या गुणाकाराला दाद देत नाही. थ्री फेज मोटरीच्या बाबतीत दोन फेजांमधील व्होल्टेज, एका तारेतील धारा आणि तीनचे वर्गमूळ, म्हणजे १.७३२, यांचा गुणाकार करावा लागतो, आणि तरीही ४०० व्होल्ट व ८ अँपिअरला येणारे ५,५४२ हे उत्तर वॉटमध्ये नसून व्होल्ट-अँपिअरमध्ये असते. चुंबकीय क्षेत्र उभे करण्यासाठी लागणारी धारा दर आवर्तनात जाते आणि परत येते. ती काम करत नाही, परंतु तारेतून मात्र वाहते. प्रत्यक्ष कामाला लागलेल्या वाट्याला पॉवर फॅक्टर किंवा शक्तिगुणक म्हणतात, आणि तो ०.८ धरला तर मोटरीची खरी शक्ती ४,४३४ वॉट निघते. क्लॅम्प मीटर, म्हणजे तार न तोडता तिच्याभोवती जबडा अडकवून धारा मोजणारे साधन, हा वाटा दाखवत नाही. त्यामुळे जास्त अँपिअर दिसले की जास्त वीज जळते असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

पंपांना बसवायच्या कपॅसिटरचे काम येथेच कळते. पाच एचपी मोटरीला शिफारस केलेला दोन केव्हीएआर क्षमतेचा कपॅसिटर ही ये-जा करणारी धारा जागच्या जागी पुरवतो, आणि वरच्या उदाहरणातील ८ अँपिअर ६.७ वर येतात. धारेतील ही घट एक-षष्ठांश असली तरी केबलमधील उष्णतेची घट ३० टक्के असते, आणि मोटरीला मिळणारे व्होल्टेजही थोडे सुधारते. मात्र हा लाभ कपॅसिटरच्या मागच्या, म्हणजे डीपीकडच्या तारांनाच होतो. म्हणून तो मोटरीजवळच्या स्टार्टरमध्येच हवा. कपॅसिटरमुळे मोटर जळते असा समज या पट्ट्यात अजून ऐकू येतो, आणि निकामी झालेला कपॅसिटर बदलण्याऐवजी कापून टाकलेला पुष्कळ पेट्यांत आढळतो. ज्या केबलवर तो सर्वाधिक गरजेचा असतो, ती लांब आणि बारीक केबल बहुधा त्याच पेटीला जोडलेली असते, ही खेदाची गोष्ट आहे.

नारायणगाव आणि मंचरसारख्या बाजारगावांतील रिवायंडिंगच्या दुकानांत रोध मोजण्याला वेगळे स्थान आहे. मोटर नव्याने भरून झाली की तिन्ही जोड्यांमधील रोध पाहतात, आणि अनुभवी कारागीर तो किती आहे यापेक्षा तिन्ही आकडे सारखे आहेत का याकडे लक्ष देतो. एक आकडा कमी असेल तर कोठेतरी दोन वेटोळी एकमेकांना चिकटली आहेत किंवा वेढे कमी पडले आहेत. तांबे आणि लोखंडी गाभा यांच्यामधील निरोधक थराची परीक्षा मात्र मेगरने होते, ज्यात ५०० व्होल्टचा दाब देऊन मेगाओहममध्ये, म्हणजे दहा लाख ओहमच्या पटीत, रोध मोजतात. तो एक मेगाओहमच्या खाली गेला तर मोटर वापरायची नाही हा दंडक आहे. आणे पठारावरच्या बोअरमधून वर काढलेल्या सबमर्सिबलची केबल पुष्कळदा जोडापाशीच ओलावलेली असते, आणि तेथे मेगर जे सांगतो ते कोणतेही दुसरे साधन सांगत नाही.

कमी ओहम मोजण्यात एक अडचण असते: मल्टिमीटरच्या वायरींचा आणि टोकांच्या स्पर्शाचाच रोध पाव ओहमच्या जवळपास असू शकतो, आणि तीन ओहम मोजताना तेवढी चूक परवडत नाही. यावरचा उपाय ओहमच्या मूळ व्याख्येकडे परत जाणे हा आहे. पुरवठ्यापासून पूर्ण तोडलेल्या मोटरीच्या दोन टोकांतून ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीची धारा हेडलाइटच्या बल्बमधून सोडायची, ती अँपिअरमध्ये मोजायची, आणि वेगळ्या वायरींनी थेट मोटरीच्या टोकांवरचे व्होल्टेज घ्यायचे. बल्ब धारेला आवर घालतो, आणि व्होल्टेज मोजणाऱ्या वायरींतून जवळपास काहीच धारा जात नसल्याने त्यांच्या रोधाने फरक पडत नाही. थंड मोटरीत २.६ अँपिअर आणि ७.८ व्होल्ट आले तर रोध नेमका ३ ओहम. तीच मोटर तासभर पूर्ण भारावर चालवून, थांबवून, लगेच पुन्हा मोजली आणि २.४ अँपिअर व ९ व्होल्ट आले तर रोध ३.७५ ओहम झाला. तांब्याचा रोध तापमानाबरोबर ठरावीक दराने वाढतो. त्या दरावरून हिशेब केला तर २५ अंश सेल्सिअसवर असलेले वाइंडिंग आता ९० अंशांवर पोहोचले आहे असे निघते. बाहेरून हात लावून कळणारी उष्णता ही फक्त सांगाड्याची असते, आणि आतल्या तांब्याचे तापमान जाणून घेण्याचा असा मार्ग एका भागाकारात दडलेला असावा, ही या विषयातील अत्यंत सुंदर गोष्टींपैकी एक आहे. मोजणी संपवताना आधी व्होल्टमीटर सोडवायचा आणि मग बॅटरी. कारण धारा तुटताना वाइंडिंगचे चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि क्षणभर मोठा दाब उसळतो, जो मीटरला आणि बोटांनाही झटका देऊ शकतो.

सैल जोडाचा रोध हा या सर्वांत लहान आकडा, आणि उपद्रव सर्वांत मोठा. स्टार्टरच्या गंजलेल्या संपर्कावर अर्धा ओहम रोध असेल तर ८ अँपिअरला तेथे फक्त ४ व्होल्ट जातात, पण ३२ वॉट उष्णता नखाएवढ्या जागेत कोंडते. संपर्क काळा पडतो, रोध आणखी वाढतो, आणि एके दिवशी ती फेज तुटून मोटर दोन फेजांवर गुरगुरत राहते. खांबावरच्या सैल जोडांत ठिणग्या पडतात, आणि त्यांचा परिणाम शेताच्या बांधापलीकडेही होतो. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभारली. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात असून उरलेल्या १६ तीन भुजांवर शेतांच्या मधोमध पसरल्या आहेत. विजेच्या तारांवरील ठिणग्या ज्या रेडिओ लहरी सोडतात त्या या दुर्बिणीच्या कमी वारंवारतेच्या निरीक्षणांत गोंगाट म्हणून उतरतात. आकाशातून येणाऱ्या संकेताची शक्ती किती असते हे त्याच वॉटमध्ये काढून पाहता येते: रेडिओ खगोलशास्त्रात एक जान्स्की म्हणून मोजला जाणारा स्रोत ३२ मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात अशा एका तबकडीवर, तबकडीतील तोटा धरला नाही तरी, सुमारे ०.०००००००००००००००५ वॉट टाकतो. त्याच तबकडीच्या कुंपणाशेजारच्या केबलमध्ये ६०० वॉट मातीला तापवत असतात. एकाच एककाने मोजल्या जाणाऱ्या या दोन शक्ती एकाच शिवारात नांदतात, आणि सैल नट आवळणारा वायरमन दोहोंचेही रक्षण करतो.

मोजणीच्या वेळेचा प्रश्न येथे माणसांच्या सुरक्षिततेशी जोडला गेला आहे. शेतीचा थ्री फेज पुरवठा दिवसा आणि रात्री आलटून पालटून ठरावीक तासांसाठी मिळत आला आहे, आणि उसाच्या फडांत बिबट्यांचा वावर असलेल्या या दोन तालुक्यांत रात्री पाणी धरायला जाणे हे जिवावरचे काम आहे. दिवसा वीज मिळावी ही येथील मागणी त्यातूनच इतक्या तीव्रतेने पुढे आली. रात्रीचे व्होल्टेज दिवसाच्या वाचनावरून ठरवता येत नाही, म्हणून खरी अडचण पाहायची तर वायरमनलाही त्याच अंधारात काठावर जावे लागते. मीटरच्या वाचनाखाली तारीख लिहिण्याची पद्धत पुष्कळांना आहे. वेळ लिहिण्याची सवय त्याहून अधिक उपयोगी आहे.

बिलाने हा हिशेब कधी शिकवला नाही. अनेक कृषी जोडण्यांना मीटरच नव्हते आणि आकारणी अश्वशक्तीवर होत असे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचे बिल राज्य शासन भरते. केबलमध्ये वाया जाणारे ६०० वॉट म्हणून शेतकऱ्याच्या खिशाला थेट जाणवत नाहीत. त्याला जाणवते ती रिवायंडिंगची रक्कम आणि टोमॅटोच्या ऐन फुलोऱ्यात पाण्याविना गेलेले दिवस. जाड केबलचा आग्रह धरणाऱ्या कारागिराने विजेच्या बचतीची भाषा सोडून मोटरीच्या आयुष्याची भाषा बोलावी, कारण ती अधिक खरी आहे आणि ऐकली जाते.

गेल्या काही वर्षांत सौर पंपांनी या कामात नवे गणित आणले आहे. पॅनेलकडून येणारी वीज एकदिश असते, तिला पॉवर फॅक्टर नसतो, आणि व्होल्ट व अँपिअर यांचा साधा गुणाकार थेट वॉट देतो; मात्र पॅनेल ठरावीक रोधासारखे वागत नाही, तर उन्हाप्रमाणे त्याची धारा आणि तापण्याप्रमाणे त्याचे व्होल्टेज बदलते, आणि कंट्रोलर दर क्षणी दोहोंचा गुणाकार जास्तीत जास्त होईल असा बिंदू शोधत राहतो. पाच एचपीच्या पंपाला सुमारे ४,८०० वॉट क्षमतेची पॅनेल लावतात, पण मार्चच्या भर दुपारी पॅनेलची काच तापलेली असताना त्याहून कमी शक्ती मिळते, आणि हवा थंड असलेल्या डिसेंबरच्या स्वच्छ दिवशी व्होल्टेज चढलेले दिसते. या पंपांवर जाणाऱ्या प्रत्येक वायरमनने एक गोष्ट आधी जाणून घेतली पाहिजे. प्रत्यावर्ती धारेसाठी बनवलेला जुना क्लॅम्प मीटर ट्रान्सफॉर्मरच्या तत्त्वावर चालतो, त्याला बदलते चुंबकीय क्षेत्र लागते, आणि पॅनेलच्या तारेवर तो लावला की काटा शून्यावरच राहतो, जरी त्या तारेत कित्येकशे व्होल्टवर पूर्ण धारा वाहत असली तरी. एकदिश धारा मोजणारा वेगळा क्लॅम्प मीटर घेतल्याशिवाय, आणि व्होल्टमीटर एकदिश दाबाच्या पट्टीवर ठेवून टोके तपासल्याशिवाय, त्या पेटीला हात लावू नये.